एटीव्हीच्या टायरची हवा हळूहळू उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही

रानवाट:
मंडळी, जरा मदत हवीये. माझ्या एटीव्हीचा (कच्च्या रस्त्यावर चालवायची, मऊ जाड टायरची चारचाकी) पुढचा डावा टायर हवा धरत नाहीये. एकदम बसत नाही, पण हवा भरून ठेवली की चार-पाच दिवसांनी बघावं तर टायर अर्धा खाली आलेला असतो. बाकीची तीन चाकं व्यवस्थित आहेत. ट्रेडमधले (टायरचा जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) सगळे खडे काढून पाहिले, हात फिरवून पाहिला, कुठे काटा नाही की खिळा नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून पाहिली, तिथेही बुडबुडा येत नाही. टायरची नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे, रबर कुठे फाटलेलं नाही, त्यामुळे बदलायचा विचार नाहीये. आता ते भोक आतून बुजवणारं बाटलीतलं हिरवं सीलंट आणून ओतून मोकळं व्हावं की आधी अजून काही बघायला हवं? गाडी चढ-उताराच्या कच्च्या रस्त्यावर चालते आणि हा एक टायर मऊ झाला की हँडल लगेच त्या बाजूला ओढायला लागतं, म्हणून नुसतं रोज हवा भरत राहायचं हे मला पटत नाही.

पाना_बारा:
सीलंट ओतायच्या आधी एक सांगा, हवा मोजता कशाने? कारच्या गेजने मोजत असाल तर त्या आकड्यावर जाऊ नका. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा असते ४ ते ७ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास (तुमच्या गाडीचा नेमका आकडा फेंडरवरच्या, म्हणजे मडगार्डवरच्या, स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असेल, तोच धरा), आणि कारचा गेज बनलेला असतो ३०-३५ मोजायला. त्याच्या पट्टीच्या अगदी तळाशी काटा धड उठतही नाही. १ पीएसआयची चूक कारला कळणारसुद्धा नाही, पण ५ मध्ये १ म्हणजे सरळ २० टक्के झाले. कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो, पट्टी १० किंवा १५ पर्यंतचीच असते, तो घ्या आणि कायम तोच वापरा.

दुसरं म्हणजे थंडी. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दुपारी ३० डिग्रीला ५ पीएसआय भरली आणि पहाटे १० डिग्रीला मोजली तर एक कणही हवा बाहेर न जाता गेज ३.७ च्या आसपास दाखवणार. कारण हवेचा दाब आकसतो तो गेजवरच्या ५ वर नाही, तर बाहेरच्या वातावरणाचे १४.७ धरून जे जवळपास २० होतात त्यावर. कारमध्ये त्याच फरकाने ३० चे २७ होतात, म्हणजे दहावा हिस्सा गेला. आपल्याकडे चौथा हिस्सा जातो. उंचीचंही तसंच, डोंगरावर हवा भरून हजार मीटर खाली उतरलात तर गेजवर दीड पीएसआयच्या आसपास कमी दिसेल, टायर बिचारा ठीकच असतो.

म्हणून चारही चाकं सकाळी, गाडी चालवायच्या आधी, सावलीत, एकाच गेजने मोजा आणि आकडे लिहून ठेवा, दोन-तीन दिवसांनी परत त्याच वेळेला मोजा. चारही सारखी उतरली तर हवामान. एकच उतरलं तर गळती. आणि हो, वाटेत सीओटूच्या छोट्या नळकांडीने हवा भरली असेल तर तेही सांगा, कारण तो गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा बराच लवकर निघून जातो, घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरायची असते.

मातीचाक:
पानासाहेबांचं गेजबद्दल शंभर टक्के बरोबर, तो गेज घ्याच. पण रानवाट म्हणतायत की बाकी तीन चाकं नीट आहेत, म्हणजे इथे थंडीचा संबंध नाही, हवा खरंच कुठून तरी जातेय. आणि ट्रेडमध्ये काही सापडत नसेल तर माझा पहिला संशय बीडवर, म्हणजे टायरची जी जाड कडा रिमला टेकते तिथे.

याचं कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. टायरची कडा रिमला घट्ट दाबून कोण धरतं, तर आतली हवाच. कारमध्ये ती ३० च्या वर असते त्यामुळे कडेत थोडी माती असली तरी रबर तिला दाबून टाकतं. एटीव्हीत दाबायला जेमतेम ५ आहेत. त्यात आपण चिखलातून, वाळूतून, गवतातून जातो, टायर मऊ असल्यामुळे वळणावर कडा क्षणभर रिमपासून सुटते आणि परत बसते, बसताना गवताची एक काडी किंवा वाळूचे दोन कण आत घेऊन बसते. झालं, तेवढ्या फटीतून हवा झिरपायला लागते. लोखंडी रिम असेल तर त्याच जागी पाणी साचून गंज धरतो, गंजाचे पोपडे उठतात, मग तर फट कायमचीच. ॲल्युमिनियमच्या रिमला गंज नाही पण पांढरी भुकटी धरते, परिणाम तोच. अजून एक, रिमची कड दगडावर आपटून किंचित वाकली असेल तरी तिथून जाते, चाक उचलून हाताने फिरवलं की डोळ्याला कळतं.

आता शोधायचं कसं. चाक गाडीवर असताना साबणाचं पाणी उडवून बघतात ते अर्धंच तपासणं होतं, कारण आतल्या बाजूची कडा, जी ब्रेककडे असते, ती दिसतच नाही आणि सगळ्यात जास्त चिखल नेमका तिथेच बसतो. चाक काढा. स्वच्छ धुवा. मग आडवं ठेवा आणि टायर नि रिमच्या मधल्या खाचेत गोल फिरवत साबणाचं पाणी ओता, खाच भरली पाहिजे, आणि मग हात न लावता पाच-दहा मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. चार-पाच दिवसांत उतरणारी हवा काही मोठाले बुडबुडे काढत नाही, बारीक पांढरा फेस येतो, दाढीच्या साबणासारखा, आणि तो यायला वेळ लागतो. लोक पाणी मारतात, दोन सेकंद बघतात आणि म्हणतात काही नाही. एक बाजू झाली की उलटं करून दुसरी.

आणि हे दोन वेगवेगळ्या दाबांना करा. पंक्चर असेल तर हवा जास्त भरली की जास्त जोरात दिसतं. कडेचं बरोब्बर उलटं होऊ शकतं, हवा जास्त भरली की कडा आवळली जाते आणि गळती बंदच होते, मग तुम्ही म्हणता टायर एकदम ठीक आहे आणि हवा कमी करून गाडीला लावला की परत सुरू. म्हणून आधी रोजच्या दाबाला बघा, मग टायरच्या बाजूवर जी कमाल मर्यादा लिहिलेली असते त्याच्या आत राहून थोडी वाढवून बघा. व्हॉल्व्ह नुसता तोंडाशी बघून उपयोग नाही, तो बोटाने चारी बाजूंना वाकवून त्याच्या बुडाशी साबण लावा, रबर उन्हाने तडकतं ते तिथेच आणि सरळ उभा असताना ती भेग मिटलेली असते. रिम लोखंडी असेल तर मधल्या वेल्डिंगच्या सांध्यावरही पाणी मारा, क्वचित तिथूनही जाते.

गाडीवेडा:
एवढा सगळा खटाटोप खरंच लागतो का? मी चारही चाकांत सीलंट टाकून ठेवतो आणि मला काहीच त्रास नाही. काटेरी झुडपांतून जायचं म्हटलं की दर वेळी टायर उघडत बसणार का माणूस? व्हॉल्व्हची पिन काढायची, बाटलीवर टायरच्या साइजप्रमाणे जेवढं लिहिलंय तेवढं ओतायचं, पिन लावायची, हवा भरायची आणि लगेच थोडं अंतर गाडी चालवायची म्हणजे ते आतून सगळीकडे पसरतं. बारीक काट्यांची भोकं आपोआप बंद होतात. रानवाटभाऊ, तुमच्या जागी मी असतो तर ओतलं असतं.

मातीचाक:
गाडीवेडा, काट्यांसाठी तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, काटेरी रानात रोज जाणाऱ्याने टाकावंच. ट्रेडमधलं बारीक भोक, साधारण ६ मिमीपर्यंतचं, ते छान बुजवतं. पण ते बुजवतं कसं हे बघा ना. चाक फिरलं की पातळ सीलंट बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणजे ट्रेडच्या आतल्या अंगाला, आणि भोकातून हवा बाहेर पडताना त्यातले बारीक तंतू घेऊन जाते ते तिथे अडकतात. बीड तर चाकाच्या आतल्या घेराला आहे. तिथपर्यंत ते पोचतच नाही किंवा पोचलं तरी टिकत नाही, कारण कडा हलत राहते. व्हॉल्व्हच्या बुडाचीही तीच कथा. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दर फेरीला दुमडतो त्यामुळे तिथलं भोकही धरत नाही. म्हणजे गळती कुठे आहे हे न बघता ओतलं तर फायदा होईल की नाही हे नशिबावर, आणि नंतर टायर उघडायची वेळ आलीच तर आतला सगळा चिकटा धुवून वाळवल्याशिवाय ना पॅच चिकटतो ना कडा स्वच्छ होते. शिवाय पिनमध्ये अडकलं की गेजने दाब मोजतानाच पिन चिकटते आणि तिथून नवीन गळती सुरू. आधी शोधा, मग ठरवा, एवढंच माझं म्हणणं.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. कमी दाबाचा गेज आणला, चारही चाकं मोजली, डावा पुढचा एकटाच उतरतोय हे नक्की झालं. सीओटू कधी वापरलेला नाही. आज चाक काढून मातीचाक यांनी सांगितल्याप्रमाणे आडवं ठेवून केलं. बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत. आतल्या बाजूला मात्र साधारण वीतभर लांबीच्या भागात अगदी बारीक फेस आला, थांबल्यावरच आला. आणि व्हॉल्व्ह एका बाजूला वाकवला तर बुडाशी एक बुडबुडा फुगतोय, सोडला की थांबतो. म्हणजे दोन ठिकाणं. रिम लोखंडी आहे. आता प्रश्न असा की टायर रिमवरून सोडवायचा कसा? माझ्याकडे मशीन नाही, टायरवर उभा राहून नाचलो तरी कडा हलत नाहीये.

पाना_बारा:
नाचून सुटणार नाही ती. एटीव्हीच्या रिमला कडेच्या आत एक उंचवटा असतो, कमी हवेत टायर निसटू नये म्हणून मुद्दाम दिलेला, कडा त्याच्यावरून ओढून काढायची असते म्हणून इतकी घट्ट वाटते. पहिलं काम व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडून द्या, थोडीही हवा आत ठेवून टायर सोडवायला जाऊ नका. मग खाचेत साबणाचं पाणी भरपूर सोडा आणि मुरू द्या. दोन मोठे सी क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे सी आकाराचे शिकंजे) असतील तर दोन्ही बाजूंच्या कडांवर लाकडाचे तुकडे ठेवून, रिमच्या अगदी जवळ, हळूहळू आवळत जा, थोडं आवळलं की क्लॅम्प शेजारी सरकवा, एकाच जागी जोर लावू नका. क्लॅम्प नसेल तर चाक जड गाडीच्या खाली सरकवून जॅकचा पाय टायरच्या कडेवर, रिमला न लागता टेकवायचा आणि वरची गाडी उचलायचा प्रयत्न करायचा, गाडीच्या वजनाने कडा खाली जाते. गाडी हँडब्रेकवर, बाकीच्या चाकांना दगडाची ओट लावलेली, आणि आपला हात-पाय खाली नाही, हे बघा. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, बीडचं रबर एकदा फाटलं की मग ती गळती कशानेच जात नाही.

तुम्हाला आतली बाजू साफ करायची आणि व्हॉल्व्हही बदलायचाय, म्हणजे निदान एक कडा रिमच्या बाहेर काढावी लागेल, दोन्ही काढल्या तर काम जास्त नीट होतं. टायर निघाला की रिमची पूर्ण गोल बैठक, म्हणजे जिथे टायरची कडा टेकते ती जागा, तारेच्या ब्रशने घासा, फक्त फेस आला तेवढा वीतभर भाग नको. गंजाचे पोपडे निघाले की पॉलिश पेपरने हात फिरवला तर अडकायला नको इतकं गुळगुळीत करा. ॲल्युमिनियम असतं तर तारेचा ब्रश नको म्हटलं असतं, ते मऊ असतं, ओरखडे पडतात, तिथे भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरसारखं काहीतरी पुरतं. लोखंड उघडं पडलेल्या ठिकाणी प्रायमर आणि रंगाचा पातळ हात द्या आणि पूर्ण, म्हणजे खरंच पूर्ण वाळू द्या, ओल्या रंगावर टायर चढवला तर रबर चिकटतं आणि पुढच्या वेळी रंगासकट निघतं. टायरची कडाही ओल्या फडक्याने पुसून बघा, जुना रंग, गंज, माती तिथे चिकटलेली असते ती सगळी काढा.

व्हॉल्व्ह नवीनच टाका, जुना परत लावू नका. बऱ्याच एटीव्हींना टीआर ४१२ हा आखूड रबरी व्हॉल्व्ह लागतो, भोक ११.५ मिमीचं, तरी जुना सोबत घेऊन जा आणि जुळवून घ्या. भोकाच्या कडेचाही गंज घासा, नाहीतर नवा व्हॉल्व्ह तिथूनच गळेल. साबण लावून आतून बाहेर ओढला की टप्प करून बसतो. टोपी रबरी वायसरवाली घ्या, पिनमध्ये माती जाण्यापासून तीच वाचवते.

रिम घासूनही खड्डे दिसत असतील तर बीड सीलर मिळतं, काळं, पातळ रबरासारखं, ते ब्रशने कडेच्या बैठकीवर पातळ लावा, थोडं सुकू द्या आणि टायर चढवा. रिम गुळगुळीत असेल तर त्याची गरजच नाही. ग्रीस, इंजिन ऑइल मात्र कडेला अजिबात नको, तेलाने रबर खराब होतं आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर घसरतो.

डोंगरफाटा:
एक कळकळीची विनंती, टायर परत बसवताना घाई करू नका. एटीव्हीच्या टायरची कडा सुरुवातीला रिमपासून लांब असते, छोट्या पंपाने हवा भरायला गेलं की सगळी बाजूने फुस्स निघून जाते, आणि मग वैतागून लोक आत पेट्रोल किंवा स्प्रे मारून काडी लावतात. असं कधीही करू नका. टायर फुटून, रिम उडून लोकांना गंभीर इजा झाल्यात आणि जीव गेलेत. सीलंटच्या काही स्प्रेमध्येही पेट घेणारा गॅस असतो, डबीवर वाचा, तसा स्प्रे मारलेल्या टायरजवळ वेल्डिंग किंवा ठिणगी उडवणारं काम चालत नाही.

सोपा मार्ग असा. टायर थोडा वेळ उन्हात ठेवा म्हणजे रबर नरम होतं. दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. ट्रेडच्या मधोमध गोल रॅचेटचा पट्टा (सामान आवळून बांधायचा असतो तो) बांधून आवळा, ट्रेड आत दबला की कडा बाहेर पसरून रिमला टेकतात. व्हॉल्व्हची पिन काढलेली ठेवून कंप्रेसरने हवा सोडा म्हणजे एकदम जोरात जाते. कडा टेकल्या, हवा धरायला लागली की थांबून पट्टा सोडा आणि मग पुढे भरा. दोन वेळा फट्ट असा आवाज येतो, दोन बाजूंच्या दोन कडा. टायरवर बैठकीसाठीची कमाल हवा लिहिलेली असते, प्रत्येक टायरची वेगळी, त्याच्यावर जायचं नाही म्हणजे नाही. तेवढ्यात कडा बसली नाही तर हवा सोडा, परत साबण लावा, परत प्रयत्न करा. भरताना लांब नळी वापरा, टायरवर वाकून उभे राहू नका आणि रिमच्या कडेत बोटं घालू नका. बसल्यावर टायरच्या बाजूवर रिमला लागून जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका ठिकाणी आत गेलेली दिसली तर तिथे कडा अजून बसलेली नाही. मग पिन लावून हवा रोजच्या दाबावर आणा, गाडीला लावायच्या आधी साबणाची तपासणी परत एकदा करा.

ओढापार:
याच विषयात माझाही प्रश्न विचारतो. माझ्या मागच्या टायरला साइडवॉलमध्ये काटा घुसला होता, काढला तर आता तिथून हळूहळू जातेय. दोरीचा प्लग (बाहेरून भोकात ठोसायची चिकट दोरी) मारावा की ट्यूब टाकावी?

मातीचाक:
साइडवॉलमध्ये प्लग घरी पोचण्यापुरता ठीक. एटीव्हीचा टायर मुळात पातळ असतो, प्लगला धरायला मांस कमी, आणि बाजू सतत दुमडते त्यामुळे तो कधीतरी सरकतोच. ट्रेडमध्ये असता तर आतून मशरूम पॅच (देठ असलेला, छत्रीसारखा रबरी पॅच) मारा म्हटलं असतं, म्हणजे टायर काढून आतला भाग खरवडून, सोल्युशन लावून ते हाताला चिकट लागेपर्यंत सुकवून मग देठ भोकातून बाहेर ओढायचा, ते काम वर्षानुवर्षं टिकतं. बारीक काट्याच्या भोकाला साइडवॉलमध्ये ट्यूब चालते, पण टायरच्या आतलं काट्याचं टोक बोटांनी चाचपून काढल्याशिवाय ट्यूब घालू नका, आणि हवा फार कमी ठेवू नका, टायर रिमवर घसरला की ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. भेग असेल, आतले धागे दिसत असतील किंवा त्या जागी फुगवटा आला असेल तर ट्यूबही नको, टायर बदला.

रानवाट:
क्लॅम्पने कडा सुटली. आत वीतभर नाही, जवळपास अर्ध्या घेराला गंजाचे पोपडे होते आणि मध्ये गवताच्या काड्या चिकटून वाळलेल्या. घासून, रंग देऊन, नवीन व्हॉल्व्ह टाकून टायर पट्ट्याने बसवला, दोन्ही आवाज आले, रेघ सगळीकडे सारखी आहे. साबणाने दोन्ही बाजू तपासल्या, फेस नाही. आता रोज सकाळी मोजतोय, आत्तापर्यंत बाकीच्या तीन चाकांबरोबर आकडा चालतोय. उजव्या पुढच्या चाकाची रिमही त्याच वयाची आहे, ते अजून गळत नाहीये, तरी उघडून घासावं का?

पाना_बारा:
गळत नसेल तर कडा सोडवू नका, बसलेली बैठक उगाच कशाला हलवायची. फक्त चिखलातून आल्यावर आतल्या बाजूची खाच पाण्याने धुवत जा, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्टँडवर उचलून ठेवा, म्हणजे हवा थोडी उतरली तरी वजनाने कडा सुटत नाही. नवा टायर टाकायची वेळ येईल तेव्हा रिम हातात येईलच, तेव्हा घासा आणि व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून टाका.